कार्लोटाचा राग खरा आहे

पत्र असं आहे:

“माझी लेक सतरा वर्षांची. इथे न्यू जर्सीत हायस्कूलला आहे. शाळेत यंदा ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ बसवताहेत. ती सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकली आहे आणि दोन वर्षांपासून वेस्टर्न व्हॉइसचे धडेही घेते. तिला नायिका क्रिस्टीनची भूमिका हवी होती. ती मिळाली तिच्या जिवलग मैत्रिणीला आणि हिच्या वाट्याला आली कार्लोटा. दिग्दर्शक म्हणतात, फार विचार करू नकोस, लोकांना हसव. मुलगी म्हणते, ‘ज्या बाईला सगळे हसतात ती मी आहे.’ मैत्रिणीशी बोलणं बंद आहे. माझ्या आईने २०२५ मध्ये मुंबईत हे नाटक पाहिलं, तिचंही म्हणणं, कार्लोटाची जिरली ते बरंच झालं. इतक्या गर्विष्ठ बाईबद्दल कुणाला काही वाटावं असं तिच्यात काही आहे का? आणि मुलीने ही भूमिका करावी की सोडावी?”

नमस्कार ताई,

आहे, आणि बरंच आहे. पण ते लेकीला कळायचं तर आधी कार्लोटाचं नेमकं काय झालं ते क्रमाने बघायला हवं. नाटक इतक्या हुशारीने क्रिस्टीनच्या बाजूने रचलंय, की आपण कार्लोटाची बाजू मोजायचंच विसरतो.

१८८१ चं पॅरिस. कार्लोटा ज्युडिचेल्ली ऑपेरा हाऊसची मुख्य गायिका आहे. नवे मालक पहिल्यांदाच तालमीला आलेले असतात. ते तिला एक गाणं म्हणायला सांगतात, ती सुरू करते आणि वरून रंगवलेला अख्खा पडदा खाली कोसळतो. मालक म्हणतात, अशा गोष्टी होतच असतात. ती सुनावते, त्या होणं थांबेपर्यंत माझं गाणं होणार नाही, आणि निघून जाते. यात नखरा कुठे आहे? कामाच्या जागी डोक्यावर सामान पडत असेल आणि वरिष्ठ खांदे उडवत असतील, तर कुणीही हेच करेल, आणि करावंच. त्याच संध्याकाळी तिचं तेच गाणं गाऊन कोरसमधली क्रिस्टीन रातोरात नाव काढते. मग कार्लोटाला निनावी पत्र येतं: तुझे दिवस भरले, तुझ्या जागी क्रिस्टीन गाणार. मालक तिची मनधरणी करून तिला परत आणतात, कारण तिकिटं तिच्या नावावर खपलेली असतात. ती गायला उभी राहते आणि भर प्रयोगात तिच्या गळ्यातून बेडकाचा आवाज निघतो. मालक तत्काळ पुढे येऊन जाहीर करतात की दहा मिनिटांत प्रयोग पुन्हा सुरू होईल आणि ही भूमिका क्रिस्टीन करेल. तिला काय झालं, हे विचारायला कुणी थांबत नाही. दुसऱ्या अंकात तिला किरकोळ काम मिळतं, शिवाय ‘हिला अभिनय शिकवायला हवा’ असा शेराही. आणि शेवटी तिच्या जोडीचा गायक पियांजी गळा आवळून मारला जातो. त्याच्या प्रेतापाशी रडताना ती दिसते आणि तिथेच तिची गोष्ट संपते.

हे सगळं करतो फँटम, म्हणजे ऑपेरा हाऊसच्या तळघरात लपून राहणारा, क्रिस्टीनला पुढे आणू पाहणारा माणूस. तरी प्रेक्षक रडतात त्याच्यासाठी. तळघरातल्या माणसाला त्याचं दुःख सांगायला गाणी दिली आहेत, क्रिस्टीनला वडिलांच्या कबरीपाशी गाणं आहे, तिच्या प्रियकराला, राऊलला, प्रेमाचं गाणं आहे. कार्लोटाचं म्हणावं असं मोठं गाणं एकच, आणि त्यातही तिच्याबरोबर आणखी सहा जण आपापलं गात असतात. तिचं मन उघडं करणारी एकही जागा लेखनात नाही. ज्या कादंबरीवरून हे नाटक आलं, त्या गास्तों लरूच्या कादंबरीत तर ती याहून कठोर रंगवलेली आहे. म्हणून सहानुभूती वाटण्याचं सगळं काम नटीवर येऊन पडतं.

आता तिची चूक. ती लहान नाही. रागाचं कारण खरं, पण तो ती काढते भलत्यांवर. पत्रं राऊलने पाठवली असं धरून त्याच्यावर धावून जाते. या सगळ्यामागे क्रिस्टीनच आहे असं ठरवून टाकते. ऐन प्रयोगात मुक्या पोराची भूमिका करणाऱ्या क्रिस्टीनला ‘बेडकुळे, तुझं काम गप्प बसण्याचं आहे’ म्हणून झापते. क्रिस्टीनने तिच्याविरुद्ध काहीही केलेलं नसतं. खरे दोषी दोघे: तळघरात लपलेला माणूस आणि त्याला घाबरून तिला कधी वर चढवणारे, कधी खाली उतरवणारे मालक. तिथवर कार्लोटाची नजर पोचतच नाही, म्हणून जवळ दिसते तिच्यावर ती तुटून पडते. तुमच्या लेकीने हे नीट वाचलं, तर तिचं तिला बरंच काही उमगेल. तुम्ही बोलून दाखवू नका.

भूमिका सोडायची का? आम्ही म्हणू, सोडू नये. ‘भूमिका लहान नसते’ वगैरे मात्र तिला ऐकवू नका, सतरा वर्षांच्या मुलीला ते सांत्वन म्हणून पुरत नाही. त्याऐवजी एक खरी हकिकत सांगा. १९८८ मध्ये ब्रॉडवेवर हे नाटक आलं तेव्हा कार्लोटा करणाऱ्या ज्युडी के यांना टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला. क्रिस्टीन करणाऱ्या सारा ब्राइटमन यांना नामांकनही नव्हतं. आणि याच ज्युडी के १९७८ मध्ये ‘ऑन द ट्वेंटिएथ सेंच्युरी’ या संगीतिकेत मॅडलिन कान यांच्या बदली गायिका होत्या. कान बाहेर पडल्या आणि मुख्य भूमिका यांच्याकडे आली. म्हणजे क्रिस्टीनचं नशीब ज्यांना खऱ्या आयुष्यात लाभलं, त्यांनीच पुढे कार्लोटा साकारली, आणि गाजवली.

दिग्दर्शकांचं ‘हसव’ चुकीचं नाही, अपुरं आहे. हसू येणारच, ते लिहिलेलंच आहे. पण ते यायचं कार्लोटाच्या गांभीर्यामुळे. स्वतःला विनोदी समजणारी कार्लोटा पाच मिनिटांत कंटाळवाणी होते. सगळ्यात घातक काय, तर हसं मिळवायला मुद्दाम बेसूर किंवा किंचाळून गाणं. तसं झालं की गोष्टच कोसळते. वाईट गाणारी बाई इतकी वर्षं मुख्य गायिका कशी राहिली? मालक तिच्या पाया का पडतात? आणि वाईट गाणारीला मागे टाकण्यात क्रिस्टीनने असं काय मोठं केलं? फँटमची तक्रारसुद्धा तिच्या अभिनयाबद्दल, रंगमंचावर मिरवण्याबद्दल आहे.

म्हणून पहिल्या प्रवेशातलं ते गाणं (जे पुढे क्रिस्टीन गाते) कार्लोटाने उत्तमच गायचं, फक्त स्वतःला दाखवत गायचं. प्रत्येक ओळीचा शेवट लांबवायचा, वरच्या स्वराकडे जाताना घसरत जायचं, लय आपल्या मर्जीने ताणायची, वाद्यवृंदाला वाट बघायला लावायची. क्रिस्टीनने तेच साधं, लयीत, शब्दाला धरून गायचं. फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो, आणि दोघींपैकी कुणालाच वाईट गावं लागत नाही. यासाठी दोघींनी संगीत दिग्दर्शकांसमोर एकत्र बसून ठरवावं, कुठे कार्लोटा ताणणार आणि तिथे क्रिस्टीन कशी सरळ जाणार. दहा-बारा ओळींचं काम आहे. बोलणं बंद असलेल्या दोन मैत्रिणींना भेटायला याहून चांगलं निमित्त नाही.

आता गळ्याचं. शास्त्रीय गाणाऱ्या मुलीसाठी ही भूमिका कुठे कठीण आहे ते आकड्यात सांगितलेलं बरं. समजा तिचा सा काळी ४ (पेटीची चौथी काळी पट्टी) आहे. आपल्याकडे ती खुल्या आवाजात तार पंचमापर्यंत गेली तरी पुष्कळ. कार्लोटासाठी व्यावसायिक प्रयोगात जो सर्वांत वरचा E हा पाश्चात्त्य स्वर मागतात, तो तिच्या हिशेबाने अतितार सप्तकातला कोमल धैवत आहे. म्हणजे तार पंचमाच्या वर आणखी एक अख्खं सप्तक आणि वर अर्धा स्वर. छातीच्या आवाजात तिथे जाता येत नाही. जायचा प्रयत्न केला की हनुवटी पुढे येते, मानेच्या शिरा दिसतात, स्वर उतरतो आणि दोन दिवसांत आवाज बसतो.

तयारी वरून खाली करायची. रोज वीस मिनिटं, सकाळी उठल्याउठल्या नाही. पहिली पाच मिनिटं पाण्याच्या पेल्यात साधारण दोन-तीन सेंटिमीटर बुडवलेल्या स्ट्रॉमधून ‘ऊ’ गुणगुणायचं, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते तुटले तर श्वास तुटतोय. मग ओठ फडफडवत खालून वर आणि वरून खाली लांब घसरगुंडी, पाच-सहा वेळा. त्यानंतर हलक्या आवाजात, डोक्यात घुमणारा वरचा स्वर धरून तिथून पाच-पाच स्वर खाली उतरायचं. खालून जोर लावत वर चढायचं नाही. वर गेल्यावर ‘ई’ आणि ‘ए’ जसेच्या तसे ठेवू नयेत. जबडा सैल सोडून ते ‘अ’कडे झुकू द्यावेत. शब्द थोडा पुसट होतो, होऊ द्या. तालमीत पूर्ण आवाजात दिवसाला तीनच वेळा गायचं, बाकी वेळा एक सप्तक खाली किंवा नुसतं पुटपुटत. ऑपेराचे व्यावसायिक गायकही तालमीत असाच आवाज राखतात. शाळेच्या प्रतीत जे स्वर छापलेत ते आधी बघा. वरचा स्वर रोज लागत नसेल तर संगीत दिग्दर्शकांकडे खालचा पर्याय मागायला लाजायचं कारण नाही. या वयात स्वरयंत्र अजून घडत असतं.

शास्त्रीय गाण्याच्या सवयींपैकी दोन इथे आड येतात. एक मींड. सवयीने ती प्रत्येक स्वराला खालून स्पर्श करत जाईल. इथे, जिथे मुद्दाम घसरायचं ठरवलंय ते सोडून, स्वरावर थेट उतरायचं. दुसरी गमक. ट्रिल म्हणजे गमक नव्हे. शेजारचे दोन स्वर अगदी सारख्या अंतराने आळीपाळीने वाजले पाहिजेत. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवून एका ठोक्याला दोन स्वर, ते स्वच्छ झाले की तीन, मग चार, मग सहा. गडबड झाली की एक पायरी मागे. उलट एक गोष्ट तिला फुकट मिळाली आहे. कार्लोटा इटालियन आहे आणि इटालियनमध्ये त, द दंत्य असतात, प आणि क महाप्राण नसतात, र जिभेने वाजतो. अमेरिकन मुलांना हे महिनाभर शिकवावं लागतं. मराठी बोलणारीने आपला त, आपला द वापरला की उच्चार बसला. त्यावर हातवारे आणि ‘मामा मिया’ छापाची मिरवणूक नको.

पहिल्याच प्रवेशात कार्लोटा हातात कापलेलं मुंडकं घेऊन वाद्यांच्या साथीशिवाय लांब तान घेते. इथे हमखास दोन गोष्टी बिघडतात. मुंडकं जड असेल तर खांदे चढतात आणि श्वास वरच्या वर राहतो. म्हणून ते पोकळ आणि हलकं करून घ्या, कोपर खांद्याच्या खालीच ठेवा आणि हात उचलण्याआधी श्वास भरा. दुसरं, तानपुरा नसल्यामुळे तान संपेपर्यंत सूर थोडा उतरतो आणि वाद्यं सुरू होताच ते उघडं पडतं. घरी रोज पियानोवर पहिला स्वर वाजवायचा, तान पूर्ण घ्यायची, मग शेवटचा स्वर वाजवून बघायचा. सूर नेहमी खालीच जात असेल तर वरच्या स्वरांचे टप्पे मनात थोडे रुंद धरायला सांगा. पोशाखाची कंबरफीत आवळताना श्वास भरून फासळ्या फुगवून उभं राहायचं, नाहीतर अंकभर श्वास पुरत नाही.

सात जणांचं ते मोठं गाणं पाठ करताना बाकीच्या सहांच्या ओळी लेकीने कागदावर लिहून काढाव्यात. मालक स्तुती करता करता मध्येच गल्ल्याचं बोलतात. कार्लोटाला फक्त स्तुती ऐकू येते. ती ज्या ओळींवर फुलते त्याच क्षणी तिचा सौदा चाललेला असतो. तो तिला दिसत नाही आणि प्रेक्षकाला दिसतो. सहानुभूती तिथून सुरू होते, मात्र मालक झालेल्या मुलांनी आपल्या ओळी स्पष्ट म्हटल्या तरच. सात जण एकदम गाताना सगळे ओरडू लागतात, म्हणून आधी दोन-दोन आवाज बसवावेत.

आणि ते डराव.

हा प्रसंग सगळ्यात जपून करायचा, गळ्यासाठी आणि गोष्टीसाठीही. आधी ध्वनी सांभाळणाऱ्यांना विचारा: आवाज ध्वनिमुद्रित आहे की लेकीने काढायचा? मुद्रित असेल तर इशारा तिच्या शरीरावरून घ्यायला सांगा. तिचा खांदा उडाला की आवाज, असं. तिने आवाज ऐकून तोंड उघडलं तर अर्धा सेकंद उशीर होतो आणि प्रसंग पडतो. तिने स्वतः काढायचा असेल तर ओळ संपवायची, उरलेला श्वास बराचसा सोडून द्यायचा आणि सकाळी उठल्यावर गळ्यात येते तशी खालच्या पट्टीतली करकर हळूच काढायची. मोठा करायचं काम मायक्रोफोनचं. चूक होते ती गळा आवळून, वरच्या पट्टीत, जोरात ओरडल्यामुळे. लगेच पुढची ओळ गायची असते आणि सुजलेला गळा बोलत नाही. परीक्षा सोपी आहे. करकर झाल्याबरोबर मधल्या पट्टीत हलक्या आवाजात ‘ऊ’वर पाच स्वर म्हणायचे. स्वर उशिरा लागला किंवा हवा निसटली तर पद्धत चुकली. एका तालमीत पाच-सहा वेळांपेक्षा जास्त नको, बाकी वेळा हाताने खूण करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज घोगरा असेल तर तो दिवस सुट्टीचा. दोन आठवड्यांत मोकळा झाला नाही तर गळ्याच्या डॉक्टरांकडे जा.

अभिनय कसा? पहिल्या डरावला तिला काय झालं ते कळतच नाही. लोक हसतील, हसू द्या. ती ओळ पुन्हा धरते, याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. एवढं होऊनही ही बाई पळत नाही, गाणं पुढे नेते. हा तिचा पेशा आहे आणि तो तिला येतो. दुसऱ्यांदा ती आवाज ताब्यात आणायला धडपडते: पाय घट्ट, श्वास खोल, तालमीत शिकलेलं सगळं. तिसऱ्यांदा मात्र भीती. गायिकेचं जे एकमेव स्वतःचं, तेच तिच्या हुकमात राहिलेलं नाही. लेकीने या तीन पायऱ्या खऱ्या केल्या तर पहिल्यांदा खो खो हसणारं सभागृह तिसऱ्या वेळी विरळ हसेल. चेहरा वेडावाकडा करायचा नाही, डोळे मिटायचे नाहीत. सिनेमात तिच्या गळ्याच्या फवाऱ्यात फँटम काहीतरी बदलतो असं दाखवलंय. रंगमंचावर कारण दाखवलेलं नाही, त्यामुळे फवाऱ्याच्या करामतींत वेळ घालवू नका.

शेवटचा धोका पियांजीच्या मृत्यूचा. दोन तास प्रेक्षकांना कार्लोटाला हसायची सवय लागलेली असते, आणि ती किंकाळी फोडते तिथे कुणीतरी फिस्सकन हसतं. प्रयोगात हे होतंच. ते टाळायचं तर दोघांचं नातं आधी तीन ठिकाणी पेरावं लागतं. पहिल्या तालमीत पियांजीला हत्तीवर चढता येत नाही तेव्हा सगळे हसतात, कार्लोटाने हसायचं नाही, त्याच्याकडे बघत राहायचं. ती रागाने निघून जाते आणि तो मागोमाग जातो, तिथे तिने दारात क्षणभर थांबून त्याला बरोबर घ्यायचं. आणि दुसऱ्या अंकात नव्या ऑपेराचे अवघड स्वर त्याला जमत नाहीत, तेव्हा ती सगळ्यांसमोर त्याची बाजू घेते. ही ओळ लिहिलेलीच आहे. ती तोऱ्यात म्हणायची नाही, त्याच्याकडे वळून म्हणायची. मग शेवटी प्रेत दिसल्यावर लगेच ओरडायचं नाही. दोन ठोके थांबून, कंप न देता, खालच्या पट्टीत त्याचं नाव घ्यायचं. त्याच वेळी रंगमंचावर धावपळ असते, म्हणून ध्वनी सांभाळणाऱ्यांना तिचा मायक्रोफोन तिथे वाढवायला आधीच सांगून ठेवा. रंगीत तालमीत मागच्या रांगेत कुणाला तरी बसवून ते नाव ऐकू येतंय का, हे तपासून घ्या.

भूमिका कुणाला मिळावी याबद्दल तुम्ही शाळेत फोन करू नका. लेकीला मात्र दिग्दर्शकांकडे दोन प्रश्न घेऊन जायला सांगा: कार्लोटा उत्तम गाते असं आपण धरतोय ना? आणि डरावचा आवाज कोण काढणार? दोन्हीची उत्तरं तिला तालमी सुरू होण्याआधी हवीत.